मळीचे पाणी आणि नवे ऑक्सिडेशन तंत्र : सभासदांनी विचारावयाचे तीन प्रश्न



गेल्या वार्षिक सभेत चहाच्या वेळी मंडपाच्या कडेला एका टेबलाभोवती बरीच गर्दी झाली होती, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. टेबलावर काचेच्या दोन बाटल्या होत्या. एकीत डिस्टिलरीचे काळेकुट्ट पाणी, दुसरीत विहिरीच्या पाण्यासारखे नितळ पाणी. यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस सांगत होता, "तेच पाणी आहे हे. औषध घातलं, थोडा वेळ ढवळलं, की असं झालं." कोणी बाटली उजेडात धरून पाहिली, कोणी वास घेतला. ओढ्याखालच्या शिवारातले एक वयस्कर सभासद मात्र बराच वेळ काही न बोलता उभे होते. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाले, "अहो, हे एवढं सोपं होतं, तर आमच्या विहिरी इतकी वर्षं का नासल्या?"

ह्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणे आम्हांला जमले नाही. पुढे आम्ही डिस्टिलरीच्या केमिस्टांबरोबर बसलो, जाणकारांनी लिहिलेले वाचले, कागदावर आकडेमोड केली. त्यातून जे समजले ते ह्या लेखात मांडीत आहोत. विषय थोडा किचकट आहे. पण कारखाना आपला आहे. काळे पाणी तयार करणारेही आपण आणि ते ज्याच्या विहिरीत उतरते तो शेतकरीही आपणच. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय सहकारात नाही. शिवाय उद्या जे यंत्र बसेल त्याचा पैसा शेवटी उसाच्या दरातूनच जाणार आहे. तेव्हा विषय समजून घेतलेला बरा.

हे पाणी इतके जहाल का?

मळी पाण्यात पातळ करून यीस्टने आंबवतात आणि त्यातून अल्कोहोल उडवून घेतात. मागे जे उरते तो स्पेंटवॉश, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'मळीचे पाणी'. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण ८ ते १५ लिटर निघते. बाहेर पडताना कढत, आंबट आणि उग्र वासाचे असते.

गंमत अशी, की ह्यात बाहेरून आणलेले विष जवळजवळ नाही. बहुतेक सगळे आपल्याच उसातले. पण अमृतसुद्धा घागरीने प्याले तर बाधेल, तशातला हा प्रकार. पाण्यातला माल कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, हे ज्या आकड्याने मोजतात त्याला बीओडी म्हणतात. स्पेंटवॉशचा बीओडी दर लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातो. उलट ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो दर लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार करून पाहा. मळीच्या एक लिटर पाण्याला ओढ्याच्या पाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. मासे उताणे का पडतात, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आकडा सीओडीचा. जिवाणूंना खाता येईल ते आणि न खाता येईल तेही, असा सगळाच माल रसायनाने जाळायला जो प्राणवायू लागेल तो सीओडी. स्पेंटवॉशमध्ये तो लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो. ह्या दोन आकड्यांतले अंतर म्हणजे जिवाणूंच्या दातांना न लागणारा माल.

ह्या चिवट मालातच तो काळा-तपकिरी रंग आहे. गुऱ्हाळावर काहिलीत रस आटत येतो तसा रंग गडद होत जातो, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. साखर आणि प्रथिनांतील आम्ले तापली की एकमेकांना चिकटून मोठमोठे तपकिरी रेणू बनतात. लुई मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया वर्णन केली. अशा रेणूंना मेलॅनॉइडिन म्हणतात. गुळाला ज्याची शोभा येते, तेच डिस्टिलरीच्या पाण्यात डोकेदुखी होऊन बसते. जिवाणूंना हे रेणू सहजी फोडता येत नाहीत.

नवे तंत्र म्हणजे काय?

सभेत दाखवलेल्या औषधाच्या तंत्राला 'अॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन', म्हणजे प्रगत ऑक्सिडेशन म्हणतात. ऑक्सिडेशन ह्या शब्दाने बिचकायचे कारण नाही. चुलवाणात चिपाड जळते ते ऑक्सिडेशनच, आणि नांगराच्या फाळाला गंज चढतो तेही ऑक्सिडेशनच. नव्या तंत्रात हे जळणे पाण्याच्या आत, ज्वाळेशिवाय होते.

जाळणारा जो कण आहे त्याचे नाव हायड्रॉक्सिल रॅडिकल. मोकाट सुटलेल्या खोंडासारखा तो असतो. जन्मल्याबरोबर जे समोर येईल त्याला धडकतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत संपतो. त्याची ऑक्सिडेशन करण्याची ताकद सुमारे २.८ व्होल्ट मोजली जाते. ओझोनची सुमारे २.१ आणि क्लोरीनची सुमारे १.४. म्हणून जिवाणू आणि क्लोरीन जिथे हात टेकतात तिथे हा कण काम करतो.

तो बनवायची सर्वांत जुनी रीत आपल्याला परक्या वाटू नयेत अशा दोन वस्तूंची आहे. एक हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ऊस पिवळा पडला की लोहासाठी आपण जे देतो तेच. दुसरी हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुताना फसफसते ते औषध. हेन्री फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने केंब्रिजला शिकत असताना १८७६ साली ह्या दोन्हींची जोडी टार्टारिक आम्लावर वापरून पाहिली. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेला आंबट करणारे आम्ल. त्याचा सविस्तर निबंध १८९४ साली आला. ह्या क्रियेत हायड्रॉक्सिल रॅडिकल काम करतो, ही कल्पना हाबर आणि वाइस ह्यांनी १९३४ साली मांडली. सांडपाण्याकडे हे ज्ञान वळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. 'अॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन' हे नाव रूढ झाले ते १९८७ नंतर.

आज ह्याच कणासाठी वेगवेगळे मार्ग आहेत. ओझोन वायू सोडणे, पेरॉक्साइडवर अतिनील किरण टाकणे, टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर प्रकाश पाडणे, किंवा पाण्यात बुडबुडे फोडणे. नावे निरनिराळी असली तरी मुळात कण तोच.

म्हणजे सभेतली बाटली खोटी नव्हती. हिराकस आणि पेरॉक्साइड पुरेसे घातले तर काळे पाणी उजळते. पण बाटली पाहून यंत्र घ्यायचे नसते. त्याआधी तीन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न : औषध किती लागले?

रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे. एक किलो सीओडी पुरता जाळायचा तर सव्वादोन किलोंना थोडे कमी, नेमके म्हणजे २.१२५ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागते. त्यात वाया जाणारे धरलेले नाही.

आता दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरा. लिटरमागे १० लिटर स्पेंटवॉश म्हटले तर दिवसाला ३ लाख लिटर झाला. लिटरला १०० ग्रॅम सीओडीप्रमाणे त्यात ३० टन सीओडी आहे. त्याला लागणार सुमारे ६४ टन शुद्ध पेरॉक्साइड. बाजारात ते निम्मे पाणी असलेले मिळते, म्हणजे सुमारे १२७ टन. दहा टनांचे तेरा ट्रक, रोजच्या रोज! तयार झालेले अल्कोहोल न्यायला टँकर लागतील दोन-तीन, आणि पाणी उजळवायचे औषध आणायला तेरा ट्रक. असा धंदा कोणी करील का?

उलट तोच ३० टन माल जिवाणूंच्या हवाली करून पाहा. घरच्या गोबरगॅससारखीच, पण प्रचंड मोठी बंद टाकी. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातला साधारण ६० ते ७० टक्के सीओडी खातात आणि बदल्यात मिथेन देतात. जाळलेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे हिशेबाने ०.३५ घनमीटरपर्यंत मिथेन मिळतो. वरच्या उदाहरणात दिवसाला साडेसहा हजार घनमीटरांच्या आसपास. तो बॉयलरला जळण म्हणून चालतो.

एका वाटेने पैसे जाळायचे, दुसऱ्या वाटेने जळण कमवायचे. म्हणून पहिल्या घासाला हे नवे तंत्र लावणे म्हणजे अख्खे रान खुरप्याने नांगरण्यासारखे आहे. खुरपे वाईट नाही, ते खुरपणीला असते.

दुसरा प्रश्न : रंग गेला, क्षार कुठे गेले?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फसगत इथेच होते. उसाने जमिनीतून उचललेला पोटॅश साखरेत जात नाही, तो मळीत येतो आणि तिथून स्पेंटवॉशमध्ये. जोडीला क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम हेही असतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल कितीही जोरकस असला तरी त्याला क्षार जाळता येत नाहीत. जे जळून चुकले आहे तेच क्षार.

म्हणजे त्या नितळ बाटलीतले पाणी चवीला खारटच असणार. काळे पाणी शेतात आले तर शेतकरी निदान दारे तरी मोडतो. नितळ पाणी तो विश्वासाने उसाला देईल, आणि जमीन क्षारपड होत गेल्याचे त्याला दोन-चार वर्षांनी कळेल. क्षारपड झालेली रानं आपल्या भागात पुष्कळ आहेत. ती पुन्हा पिकाखाली आणायला काय मोल पडते, हे ज्याने चर काढले त्याला विचारावे.

म्हणून बाटली समोर आली की रंग पाहू नका. पाण्याची ईसी, म्हणजे विद्युत वाहकता किती, ते विचारा. साध्या मीटरवर दोन मिनिटांत कळते.

तिसरा प्रश्न : मागे काय उरले?

हिराकस-पेरॉक्साइडची क्रिया आंबट पाण्यात, सामू ३ च्या आसपास असताना, नीट चालते. गॅसच्या टाकीतून निघालेले पाणी मात्र आंबट राहिलेले नसते. त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. ते आंबट करायला आम्ल ओतावे लागते, आणि काम झाल्यावर पुन्हा चुना घालावा लागतो. मग हिराकसातले लोह तांबड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. तो गाळ कोण उचलणार आणि कुठे टाकणार? तो धरला नाही तर घरातला कचरा शेजारच्या अंगणात लोटल्यासारखे होईल.

आणखी दोन बारकावे. बायकार्बोनेट आणि क्लोराइड हे त्या उधळलेल्या कणाला मधेच अडवतात. त्यामुळे प्रयोगशाळेत ठरलेले औषध कारखान्यात पुरतेच असे नाही. आणि मोठा रेणू अर्धवट तुटला तर कधीकधी आधीपेक्षा अपायकारक तुकडेही निघू शकतात. म्हणून निव्वळ रंग आणि सीओडी मोजून भागत नाही. त्या पाण्यात मासा जगतो का, बी उगवते का, हेही पाहावे लागते. पाण्यात शिल्लक राहिलेले पेरॉक्साइड सीओडीचा आकडाही चुकवते. तेव्हा ते काढून टाकल्यानंतरची चाचणी मागावी.

मग हे तंत्र टाकाऊ म्हणायचे का?

मुळीच नाही. असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या बाजूने तीच चूक. त्याची जागा कोणती, एवढेच ठरवायला हवे.

कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला ओढून खाते आणि जाड धाटं तशीच ठेवते. कुट्टी करून टाकला तर गव्हाण साफ होते. नव्या तंत्राचा शहाणा उपयोग हा असा आहे. चिवट रेणू पार जाळायचे नाहीत, फक्त त्यांची कुट्टी करायची. पुढचे काम पुन्हा जिवाणूंनी करायचे. जिवाणू पगार मागत नाहीत.

ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच चांगले काम झालेले आहे. पाणी कमी पडले की आपला पंप कडकड वाजतो आणि पुढे इंपेलरला खड्डे पडलेले दिसतात. पाण्यात दाब उतरल्याने बुडबुडे होतात आणि दाब चढताच ते फुटतात, त्याचा हा परिणाम. फुटताना त्या सूक्ष्म जागेत क्षणभर हजारो अंशांचे तापमान होते आणि पाण्यापासूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. पंपाला जे खाते तेच कामाला लावायचे, ही युक्ती. नागपूरची नीरी आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी गॅसच्या टाकीतून निघालेल्या डिस्टिलरीच्या पाण्यावर हा प्रयोग केला आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. सीओडी सुमारे एकतृतीयांश आणि रंग जवळजवळ निम्मा उतरला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्या मालातला जिवाणूंना खाता येणारा हिस्सा वाढला. कुट्टी झाली, ती अशी.

दुसरी जागा शेवटाची. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ऑरेंज काउंटी येथे २००८ पासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून जमिनीखालच्या पाण्यात मुरवतात. तिथे प्रगत ऑक्सिडेशन आहे, पण सर्वांत शेवटी. आधी जिवाणूंची प्रक्रिया, मग बारीक गाळणी, मग क्षार अडवणारा आर.ओ.चा पडदा, आणि इतके होऊन जे लेशमात्र उरते त्यासाठी पेरॉक्साइड आणि अतिनील किरण.

आपल्याकडे तशीच जागा बाष्पक संयंत्रातून निघणाऱ्या निवळाची आहे. स्पेंटवॉश आटवताना जी वाफ थंड होते ते हे पाणी. त्यात क्षार फारसे नसतात, वास आणि थोडा माल असतो. जिवाणूंची प्रक्रिया झाल्यावर समजा २ लाख लिटर पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम सीओडी उरला. तो झाला एकंदर ४० किलो. त्याला शुद्ध पेरॉक्साइड लागेल हिशेबाने ८५ किलो. कुठे ६४ टन आणि कुठे ८५ किलो! हे पाणी पुन्हा कारखान्यात वापरले तर नदीतून तेवढे कमी उचलावे लागते.

सगळे मिळून क्रम कसा असावा?

आधी पाणी कमीत कमी निघेल असे पाहणे. मग गॅसची टाकी. मग उरलेले आटवून घट्ट करणे. घट्ट झालेला भाग प्रेसमडमध्ये मिसळून खत करणे किंवा खास बॉयलरमध्ये जाळणे. जाळल्यावर जी राख उरते तिच्यात आपल्याच शेतातला पोटॅश असतो. मळीपासून मिळणाऱ्या पोटॅशला केंद्र सरकारने २०२१ साली खतांच्या अनुदान योजनेत घेतले आहे. पोटॅशसाठी आपला देश परदेशांवर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या राखेचे मोल कळते. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी, जिथे माल थोडा पण चिवट आहे, तिथे नवे तंत्र.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. २००३ साली केंद्र सरकारने उद्योगांसाठी केलेल्या सनदेत मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांनी २००५ अखेरपर्यंत नदी-नाल्यात सांडपाणी सोडणे पूर्ण बंद करावे असे ठरले. तेव्हा 'स्वच्छ करून ओढ्यात सोडू' ही भाषाच आता चालणारी नाही. ओढ्यात सोडायचेच नाही.

राहिला त्या सभासदांचा प्रश्न

"हे एवढं सोपं होतं, तर आमच्या विहिरी का नासल्या?" त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की बाटलीत दिसले तेवढे ते सोपे नव्हते आणि आजही नाही. पण हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे सांगायला जड जाते, तरी सांगतो. जे सोपे होते तेही आपण वेळेवर केले नाही. साठवण तळ्यांना अस्तर करायला कोणते नवे शास्त्र लागत नव्हते. पाऊस लागण्याआधी तळी रिकामी ठेवायला पेरॉक्साइड लागत नव्हते. गळीत वाढवायचा ठराव आपण टाळ्या वाजवून मंजूर केला, तेव्हा वाढणाऱ्या पाण्याचे काय, हे मंचावरूनही कोणी बोलले नाही आणि समोरूनही कोणी विचारले नाही. त्या टाळ्यांत आम्हीही होतो.

तेव्हा आमची सूचना अशी. नवे यंत्र घेण्याचा विषय येईल तेव्हा प्रत्येक सभासदाने तीन प्रश्न विचारावेत : औषध किती, क्षार किती, गाळ किती. उत्तर दर टन उसामागे रुपयांत मागावे, म्हणजे सर्वांना कळेल. आपल्याच पाण्यावर, आपल्याच आवारात, छोट्या प्रमाणावर निदान एक हंगाम चाचणी झाल्याशिवाय मोठी खरेदी करू नये. आणि ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी हंगामाआधी एकदा व हंगामानंतर एकदा तपासून त्याचे आकडे गट-ऑफिसच्या फळ्यावर लावावेत. चांगले आले तरी लावावेत, वाईट आले तरी लावावेत.

ज्यांच्या विहिरी ह्या यादीत याव्यात असे वाटते त्यांनी आपले नाव व गट नंबर शेतकी गट-ऑफिसात लिहून द्यावा. पहिले नाव सभेतल्या त्या वडीलधाऱ्या सभासदांचे आम्ही स्वतः लिहून आलो आहोत.